वाड्यापासून उपनगरापर्यंत

वार्षिक संमेलनास जमणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ गाव कृष्णा-कोयनेच्या काठचे असते. राहण्याचे ठिकाण मात्र सांगलीचे विश्रामबाग, पुण्याचे कोथरूड, मुंबईचे विलेपार्ले अथवा डोंबिवली. या सुखवस्तू वसाहतींचा राजकीय कौल बहुधा परंपरेचा व हिंदुत्वाचा पुरस्कार करणाऱ्या पक्षांकडे झुकतो. डोंबिवली मतदारसंघाने २००९ पासून २०२४ पर्यंत चारही वेळा भारतीय जनता पक्षाचा आमदार निवडला; सांगलीने २०१४, २०१९ व २०२४ मध्ये तेच केले. येथे सर्व जातींची माणसे राहतात, तेव्हा हा कौल एकट्या आपला, असे म्हणणे वृथा अभिमानाचे होईल. तथापि त्यात आपला वाटा आहे, हे नाकारण्यातही अर्थ नाही.

असे का व्हावे? 'आपली प्रकृतीच तशी' हे उत्तर सोपे आहे. परंतु ते इतिहासास धरून नाही. रूढींवर कठोर प्रहार करणारे गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी आपल्याच समाजात जन्मले. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्याने समाजवादी ना. ग. गोरे यांना निवडून दिले, आणि १९६७ साली एस. एम. जोशी यांना. जातीबरोबर मत जन्मास येत असते, तर पुण्याच्या पेठांतील आपल्या वाडवडिलांनी या समाजवाद्यांना मते दिलीच नसती.

मग कारण शोधावयाचे ते गाव सुटण्याच्या कथेत. जुन्या सातारा जिल्ह्यात वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुकेही मोडत. तेथील ब्राह्मण कुटुंबांचा आधार तिहेरी होता : जमीन, कुलकर्णीपणाचे वतन आणि गावातील मान. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता व काही वर्षे सांगलीत राहिलेला होता. त्याच्या पापाचे प्रायश्चित्त ज्यांचा त्या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता, अशा घरांना भोगावे लागले. गावोगाव वाडे पेटले. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडीही जाळपोळीतून सुटली नाही. त्याच वर्षी मुंबई राज्याचा कूळ कायदा आला. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपली. आणि कूळ कायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचा मालक मानले जाऊ लागले. दहा वर्षांच्या आत तिन्ही आधार गेले.

उरले ते शिक्षण. विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून उभे होते. १९४७ साली तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. मुले शिकली, बँकांत, विमा कचेऱ्यांत, रेल्वेत, कारखान्यांत लागली, आणि पगारातून हप्ते फेडीत सहकारी गृहसंस्थेत दोन खोल्या घेती झाली. या माणसाची मालमत्ता म्हणजे ती सदनिका, पासबुक आणि मुलांची गुणपत्रिका. सुव्यवस्था, काटकसर व गुणवत्ता ही त्याची मूल्ये झाली. सरकारने मालमत्तेस हात घालणे म्हणजे काय, याची आठवण घरात ताजी होती. शेजारी शाखा, गणपती आणि व्याख्यानमाला यांनी हरवलेल्या गावाची जागा भरून काढली.

घरमालकीचा हा परिणाम जगात इतरत्रही दिसतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७८ साली मालमत्ता करास मर्यादा घालून घेतली, त्यात उपनगरांतील घरमालकांचा जोर मोठा होता. भेद एवढाच, की आपल्या घरमालकाच्या मनात हप्त्याच्या चिंतेखाली जळालेल्या वाड्याची राख होती.

परंतु कथा येथेच थांबवली, तर ती अर्धीच राहील. महात्मा फुले यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे; त्यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार याच भूमीत खोल रुजला. तो रुजला याला कारणे होती. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्याच्या हाती जमिनीचा कागद नव्हता, आणि तो कागद लिहिणारी लेखणी आपल्या वाडवडिलांच्या हाती होती. ज्या १९५७ साली आपल्या घरांतून जमिनी गेल्या, त्याच साली दुसऱ्या घरांत प्रथमच सातबाऱ्यावर नाव लागले. त्या घरच्या आजीलाही ते वर्ष आठवते. मात्र वेगळ्या कारणाने. जाळपोळ हा अन्याय होता. कूळ कायदा हा न्यायाचा प्रयत्न होता, जरी त्याची झळ आपणास लागली. या दोन गोष्टी एकाच नावाखाली सांगणे, ही आपल्या घराघरांतून झालेली चूक आहे.

कोणी कोणास मत द्यावे, हे सांगण्याचा या लेखाचा अधिकार नाही. परंतरागत मताचेही विचारी समर्थन होऊ शकते. मात्र ज्या नातवंडांनी वाडा पाहिला नाही, आग पाहिली नाही आणि कुळाची झोपडीही पाहिली नाही, त्यांच्या हाती आपण नुसता राग देणार, की सबंध इतिहास? वाडा गेला, जमीन गेली. तिची भरपाई आपण विद्येने केली. त्या विद्येचा पहिला नियम असा, की आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही वाचावा. तेवढे केले, तर पुढच्या पिढीचे मत कोणत्याही बाजूचे असो, ते तिचे स्वतःचे असेल.