कापसाचा प्रोजेक्ट : शिकागो, सेवाग्राम आणि आपली शाळा

परवा पुण्यात मित्राच्या मुलीच्या शाळेत प्रदर्शन बघायला गेलो होतो. इंटरनॅशनल शाळा, आयबी बोर्ड, फीचा आकडा लाखांत. पाचवीच्या मुलांनी सहा आठवडे एकेका विषयावर काम केलं होतं. हिच्या गटाचा विषय होता, 'आपले कपडे येतात कुठून?' हातात कापसाचं बोंड धरून ती मला विचारते, "काका, यातली सरकी हातानं काढायला किती वेळ लागतो, करून बघा!"

आता मी वर्धा जिल्ह्यातला माणूस. मला कापसाबद्दल पुण्यात कुणीतरी विचारावं! पण खरं सांगतो, मुलगी तयारीची होती. तिनं स्वतः घड्याळ लावून सरकी काढली होती, वजन केलं होतं, आलेख काढला होता. मला कौतुक वाटलं. बाजूला उभा मित्र म्हणाला, "हे फॉरेनचं शिक्षण. आपल्याकडे असं काही नव्हतंच रे."

होतं. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर होतं. आणि हाच कापूस होता. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

सुरुवात शिकागोपासून करू. १८९६ मध्ये तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा काढली. रसायनशास्त्राची नव्हे, शाळेचीच. हातांनी काम करताना मूल विचार करायला लागतं, हे त्यांना तपासून बघायचं होतं. १८९९ च्या त्यांच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. मुलांना लोकर आणि कापसाची बोंडं दिली. एका मुलानं अर्धा तास बसून सरकी वेगळी केली, हाती आला एक औंसापेक्षा कमी कापूस, म्हणजे २८ ग्रॅमसुद्धा नाही. मग मुलांना आपोआप कळलं की यंत्र येण्याआधी त्यांचे पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरायचे. इतिहास, विज्ञान, गणित, सगळं एका बोंडातून.

पुढे १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या टीचर्स कॉलेजातले विल्यम किलपॅट्रिक यांनी 'प्रोजेक्ट मेथड' हा निबंध लिहिला आणि शाळेतला 'प्रोजेक्ट' हा शब्द जगभर गेला. ड्युईसुद्धा तोवर कोलंबियात आले होते. १९१३ ते १९१६ या काळात तिथं शिकलेला त्यांचा एक विद्यार्थी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ड्युईंचं ऋण त्यांनी जाहीरपणे मानलेलं आहे.

आता या वर्ध्याला.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. काँग्रेसची प्रांतिक सरकारं नुकतीच आली होती, त्यांचे शिक्षणमंत्री हजर होते. गांधीजींचं म्हणणं असं : सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि सगळं एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला. शाळा साडेपाच तासांची, त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योग. मूल टकळी फिरवेल, किती तार सूत निघालं ते मोजेल, तिथंच गणित. कापूस कुठल्या मातीत पिकतो, तिथं भूगोल. इंग्रज आल्यावर विणकराचं काय झालं, तिथं इतिहास. यालाच 'नई तालीम' किंवा 'वर्धा योजना' म्हणतात. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं ती वर्षानुवर्षं चालवली.

मित्राच्या मुलीचा प्रोजेक्ट आणि हा आराखडा शेजारी ठेवा. फरक शोधावा लागेल.

मग हे टिकलं का नाही? 'सरकारनं बुडवलं' असं म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धंच उत्तर आहे.

परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला होता. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. शहांचा मुद्दा सरळ होता : शाळेचा माल बाजारात आला तर गावातल्या कारागिराशीच स्पर्धा होईल. शिवाय शाळेचं रूपांतर कारखान्यात व्हायची भीती. झाकिर हुसेन समितीनंही आपल्या अहवालात इशारा दिला होता की उत्पन्नाच्या नादात शिक्षण मागे पडू देऊ नका.

दुसरं कारण जास्त खोल आहे. ज्या घरांच्या पिढ्यान्‌पिढ्या हातकामातच गेल्या, त्या घरानं मूल शाळेत कशाला घातलं? त्यातून बाहेर काढायलाच ना! शहरातल्या साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकून कचेरीत जाणार आणि आमच्या पोरानं शाळेतही सूतच कातायचं? हा संशय खोटा नव्हता. तो किती खरा आहे हे १९५३ मध्ये मद्रास प्रांतात दिसलं. राजाजी मुख्यमंत्री होते. त्यांनी योजना आणली की खेड्यातल्या प्राथमिक शाळा अर्धा वेळ भरतील आणि उरलेल्या वेळात मुलं घरी आई-वडिलांचा धंदा शिकतील. आपल्या समाजात आई-वडिलांचा धंदा म्हणजे काय, तर जात! पेरियार आणि द्रमुक रस्त्यावर उतरले, लोकांनी योजनेला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, असं नाव पाडलं. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली.

आपल्याकडे असा स्फोट झाला नाही. आपल्याकडे ती कल्पना हळूहळू विरली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं तिला 'कार्यानुभव' असं नवं रूप दिलं. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला-मला माहीत आहे. आठवड्यातून एखादा तास. खडू करा, पाकिटं करा, कागदाची फुलं करा. परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताच्या बाई घेणार. आणि 'प्रकल्प' म्हणजे बाजारातून आणलेले चित्रांचे तक्ते चिकटवलेली वही, थर्माकोलचा ज्वालामुखी, आणि रात्री अकराला जागी असलेली आई.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं? १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी एक इंटरनॅशनल स्कूल निघालं होतं. आज या देशात, उद्या त्या देशात बदली होणाऱ्यांची ही मुलं. त्यांना कुठल्याही विद्यापीठात चालेल अशी परीक्षा हवी होती. त्यातून १९६८ मध्ये जिनिव्हातच आयबी संस्था उभी राहिली. १९९७ पासून त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रमही आहे, परवा मी बघितलं ते प्रदर्शन त्याचाच भाग. बारावीच्या पातळीवर मुलाला स्वतः निवडलेल्या विषयावर ४००० शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा लागतो, शिवाय कला, खेळ आणि समाजसेवा केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. मुळशी तालुक्यात पौडजवळ १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथं देशोदेशींची मुलं राहून हाच डिप्लोमा करतात.

आता माझा मुद्दा. पद्धत दोन्हीकडे जवळपास एकच आहे. तिकडे ती टिकली, कारण तिकडचं हातकाम पुस्तकाच्या, प्रयोगशाळेच्या आणि विद्यापीठाच्या शिवाय होतं. बोंड सोलणाऱ्या मुलीपुढे जगातली सगळी विद्यापीठं उघडी आहेत. गरिबाच्या मुलाला मात्र हातकाम पुस्तकाच्या ऐवजी मिळतंय, असं त्याच्या बापाला वाटलं. मद्रासमध्ये तर ते तसंच होतं. म्हणून त्यानं ते नाकारलं, आणि बरोबर नाकारलं.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात हा घोळ नाही. खेड्यातल्या मुलाला मोडी-बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण शिकवा आणि शेतीचं ज्ञानही द्या. दोन्ही द्या.

हे गरिबाच्या शाळेत जमतं का? जमतं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून हा माणूस दुष्काळी गावात येऊन बसला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कार्यक्रम बसवला : आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलांनी केलेलं काम गावाच्या खऱ्या उपयोगाचं, शोभेचं नाही. आणि दहावीची परीक्षा आहेच, ती सोडायची नाही.

आता नवीन शैक्षणिक धोरण, २०२०. त्यात सहावी ते आठवीच्या काळात मुलांना कधीतरी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकायला सांगितलंय. वाचायला झकास. पण हे दहा दिवस कोण घेणार? ज्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात आणि वर निवडणुकीची कामं करतात, तिथं हे दहा दिवस कार्यानुभवाच्या वाटेनं जायला किती वेळ लागेल? आणि कुंभाराच्या पोराला पुन्हा कुंभाराकडेच पाठवलं जाणार नाही, हे कोण बघणार? त्याला संगणकाच्या दुकानात पाठवा, वकिलाच्या पोराला चाकावर बसवा. मग ते शिक्षण होईल.

निघताना मित्राच्या मुलीला विचारलं, "बेटा, कापूस वेचलास का कधी?" म्हणाली, "नाही काका, ही बोंडं ऑनलाइन मागवली." तिची काहीच चूक नाही. माझ्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणापलीकडे कापूसच कापूस आहे. तिथल्या मुलांच्या हातात मात्र घड्याळ, वजनकाटा आणि प्रश्न विचारणारा मोकळा शिक्षक नाही.

आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक असाल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : यंदाचे ते दहा दिवस कधी आहेत, आणि कुठलं मूल कुणाकडे जाणार आहे?

आणि हो, तुमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला काय चालायचं, तेही लिहा. आम्ही खडूच केले. एकही फळ्यावर उमटला नाही.