वऱ्हाडातले तेजाब

हरभऱ्याची आंब हे वऱ्हाडातले खरे घरगुती आम्ल. थंडीच्या दिवसांत पिकावर रात्री स्वच्छ धुतलेले कापड पसरायचे, पानांवरचा आंबट स्राव दवासकट त्यात मुरू द्यायचा आणि पहाटे पिळून बाटलीत भरायचा. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. पोटाच्या तक्रारींवर ती थोडी थोडी देत. हरभऱ्यातून उघड्या पायांनी चालले की पोटऱ्या चुणचुणतात, तिचा त्रास एवढाच.

सोनाराच्या तेजाबाची जात वेगळी. सोरा, तुरटी आणि हिराकस तापवून निघालेली वाफ थंड केली की तीव्र नत्राम्ल मिळते, हे कारखाने येण्यापूर्वीच भारतात माहीत होते. रसशास्त्रातला शंखद्राव याच कुळातला. पुढे तयार आम्ल बाटलीतून मिळू लागले आणि ते गाळण्याची खटपट संपली, पण वापर घरातच राहिला. अशुद्ध सोन्यात साधारण तिप्पट चांदी वितळवून त्याचा पत्रा तेजाबात उकळला की चांदी विरघळते, सोने तळाशी उरते. सोनारांच्या दुकानातली माती धुणारे झारेकरीही तेजाब वापरत. या कामात निघणारा तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तो कपटी असतो. खोकला थांबतो, माणूस जेवून झोपतो, मग काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचू लागते. पुढे दुकान, मागे भट्टी आणि वर बिऱ्हाड अशा घरात धूर कामगारापुरता राहत नसे.

शेतकऱ्याच्या अंगणात आम्ल आणले ते कपाशीने. सरकीवरच्या लवेमुळे बिया एकमेकींना चिकटतात, म्हणून पूर्वी ती शेणमातीत चोळून पेरत. १९७० मध्ये एच-४ हा संकरित वाण आला, बियाणे महाग झाले आणि एकेक बी टोबायची वेळ आली. तेव्हा गंधकाम्लाने लव जाळण्याची शिफारस रुजली: किलोभर सरकीला सुमारे १०० मिलिलिटर तीव्र आम्ल, प्लास्टिकची बादली, लाकडी काठी, दोन-तीन मिनिटे ढवळणे, भरपूर पाण्याने चार-पाचदा धुणे आणि शेवटी चुन्याची निवळी. तळाशी बसलेले बी पेरायचे, तरंगणारे टाकून द्यायचे. लवेबरोबर बियांवरचे रोगजंतूही जात.

शाळेच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम पाण्यात आम्ल ओतण्याचा, आम्लात पाणी नव्हे. इथे मात्र आम्ल आधीच बादलीत असते आणि पाणी वरून पडते. पाणी तांब्याने जपून घातले तर ते आम्लाच्या उष्णतेने उसळून तोंडावर उडते. एकदम भरपूर ओतले तरच उष्णता त्यात जिरते. आणि हे काम येते पेरणीच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, विहिरींनी तळ गाठलेला असताना. खारपाणपट्ट्यात तर गोडे पाणी एरवीही जपून वापरायचे. जस्ती बादली घेतली तर ती आम्लाने खाल्ली जाई आणि पेट घेणारा हायड्रोजन निघे. धोतरावर उडालेल्या थेंबाने सुती कापड काळे पडून त्याला भोक पडे, आणि डोळ्यात गेलेल्या थेंबाला तर घरात उपायच नसे. तिथेही हवे होते ते पाणीच.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटात लव काढलेले, रंग दिलेले बियाणे येऊ लागले आणि अंगणातली बादली मागे पडली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले: खरेदीदाराची नोंद आणि ओळखपत्र आवश्यक, अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद. त्या आदेशामागे स्त्रियांवरचे आम्लहल्ले होते. भट्टीचा धूर आणि सरकीची बादली त्यात कुठेच नव्हती.