शाप, सोंग आणि मगर



आज आपण मगर होणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहोत. विषय पोरखेळाचा वाटेल, पण जरा दमानं ऐका.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, एक जण कथा चालवतो आणि निकाल फासे लावतात. वडशाच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचं हे गाव. हा खेळ म्हणजे संहितेशिवायचं नाटक! पहिल्याच आवृत्तीत लांडगा, रानडुक्कर, वाघ आणि अस्वल होणारी माणसं होती. मगर-माणूस मागाहून आला. तिथे रूप बदलणं हा बहुधा रोग असतो. चावलं की लागण. आणि प्रत्येक राक्षसापुढे आकडे: बळ किती, घाव किती सोसेल. तेवढे घाव बसले की विषय संपला.

आता महाभारताचं आदिपर्व पहा. अर्जुन दक्षिण समुद्राकाठी येतो. तिथली पाच तीर्थं ओस पडलेली, कारण पाण्यात पाच मगरी. अर्जुन सौभद्र तीर्थात उतरतो. मगर पाय धरते. तो शस्त्र न उचलता तिला ओढून काठावर आणतो, तर समोर स्त्री उभी! मग तो विचारतो, तू कोण? ती वर्गा नावाची अप्सरा. एका तपस्व्याला मोहात पाडायला गेली म्हणून मैत्रिणींसह शंभर वर्षांचा शाप.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचं लक्ष पुढच्या तपशिलाकडे जातं. अप्सरा विनवतात तेव्हा तपस्वी सांगतो, ‘शंभर’ हा शब्द एरवी अनंत या अर्थीही येतो, पण इथे तो मोजकाच धरायचा. म्हणजे शापाला मुदत आहे. रूप मगरीचं असलं तरी आत वर्गा शिल्लक आहे.

आपल्याकडे सगळंच सौम्य आहे असं नाही हं. गजेंद्राचा पाय धरणारी मगर म्हणजे शापित हूहू गंधर्व. तो सुटतो, पण सुदर्शन चक्रानं. तिथेही मारणं हा शेवट नाही, सुटका हा शेवट आहे.

यात आजचं काय? दंडारीत राक्षसाचं सोंग घेणारा गडी सकाळी धानाच्या बांधीत दिसतो. त्याला कुणी भीत नाही, कारण सोंगाला मुदत असते. पण गावानं एखाद्या म्हातारीवर ‘करणी करते’ असा शिक्का मारला, की त्याला मुदत नसते. तिथे माणसाचाच राक्षस होतो आणि मग घाव मोजले जातात. 2013 साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो अशाच शिक्क्यांपायी. त्याच वर्षी 20 ऑगस्टला त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला.

तेव्हा तरुण मंडळींनी हा खेळ खुशाल खेळावा. फक्त फासे टाकण्याआधी मगरीला एकदा विचारावं, तू कोण? अर्जुनानं विचारलं, म्हणून उरलेल्या चार तीर्थांतल्या मगरी कोण हे त्याला कळलं आणि त्याही काठावर आल्या. त्यानं बाण सोडला असता, तर सौरभेयी, समीची, बुद्बुदा आणि लता ही नावं कुणाला कळलीच नसती.