रोमची भाकरी, इथिओपियाचा पाऊस

रोमन साम्राज्य म्हटलं की डोळ्यांसमोर सैन्य, रस्ते आणि सीझर येतो. पाऊस कोणाला आठवत नाही. पण या एका साम्राज्यात पाण्याची दोन वेगळी वेळापत्रकं होती. इटलीत पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. इजिप्तमध्ये पाऊस जवळपास नाहीच, आणि तरी भर उन्हाळ्यात नाईलला पूर यायचा. हे पाणी दूर दक्षिणेला, इथिओपियाच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर पडणाऱ्या पावसाचं. आपल्या मान्सूनचा चुलतभाऊच म्हणा ना!

पूर मोजायला नदीकाठी खुणा केलेल्या दगडी पायऱ्या होत्या. आसवानजवळच्या एलिफंटाईन बेटावर त्या आजही आहेत. आपला वॉचमन टाकीत काठी घालून पाणी बघतो, तसाच प्रकार. फक्त इथे त्यावरून सरकारी साऱ्याचाही अंदाज बांधला जाई. प्लिनी लिहितो की पाणी 12 हात चढलं तर दुष्काळ, 16 हात चढलं तर आनंदीआनंद. म्हणजे उपासमार आणि सुबत्ता यांत अंतर फक्त 4 हातांचं.

इ. स. पू. 43 मध्ये पार अलास्कात ओक्मोक ज्वालामुखी फुटला. ग्रीनलंडच्या बर्फात सापडलेल्या राखेवरून शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये ही जुळणी मांडली. अशा मोठ्या स्फोटानंतर हवा थंडावते, मान्सून दुबळा होतो. सेनेका सांगतो की क्लिओपात्राच्या कारकिर्दीत लागोपाठ दोन वर्षं नाईल चढलीच नाही. ती वर्षं नेमकी याच सुमाराची. सीझरच्या खुन्यांपैकी कॅशियसने तिच्याकडे मदत मागितली, तेव्हा देशात दुष्काळ आणि रोगराई आहे, असं तिने कळवलं. तिला कॅशियसला मदत करायचीच नव्हती हे उघड आहे, पण कारण खोटं नव्हतं.

ज्वालामुखीने क्लिओपात्राचं राज्य घालवलं, असं सांगायचा मोह होतो. मला ते पटत नाही. ॲक्टियमची लढाई त्यानंतर 12 वर्षांनी झाली, मधल्या काळात पूर पुन्हा आलेच होते. मात्र इ. स. पू. 30 मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेलं आणि ऑगस्टसच्या काळात रोममधल्या सुमारे 2 लाख लोकांना मिळणाऱ्या फुकट धान्याचा मोठा भाग तिथून येऊ लागला. अलेक्झांड्रियाच्या गलबतांची वरची शिडं लांबून ओळखू यायची. ती दिसली की नेपल्सजवळच्या पुतिओली बंदरात सगळं गाव धक्क्यावर जमायचं.