निवांत : वारा नसलेल्या जागेचा शब्द

‘निवांत’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ‘निवांत या, घाई नाही.’ ‘पोरगं आत्ता कुठं निवांत झोपलंय.’ ‘गाडी मिळाली ना, आता निवांत बसा.’ फोनवर कुणी ‘निवांत बोलू’ म्हणाले, तर ते बोलणे बहुधा होत नाही, हेही आपल्याला ठाऊक असते. इतका हा शब्द घरातला आहे.

त्याचे मूळ मात्र घराबाहेरचे, हवामानातले आहे. संस्कृतात ‘वात’ म्हणजे वारा आणि ‘निवात’ म्हणजे जिथे वारा नाही ती जागा. ‘निवांत’चे नाते याच शब्दाशी जोडले जाते. मधला अनुस्वार ‘शांत’ आणि ‘एकांत’ यांच्या पंगतीला बसून चिकटला असावा. दूध ‘निवले’ म्हणतो ते ‘निवणे’ निराळे, त्याचे कूळ ‘निर्वाण’ या शब्दाच्या जवळचे आहे. पण कानाला दोघे सख्खे भाऊ वाटतात, आणि मराठी माणसाच्या मनात दोघांनी एकमेकांना थोडा थोडा रंग दिला आहे.

अमरकोशात ‘निवात’ शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत. एक, आसरा. दुसरा, वारा नसलेले ठिकाण. तिसरा अर्थ ऐकून नवल वाटेल : शस्त्राने न भेदले जाणारे चिलखत. महाभारताच्या वनपर्वात अर्जुन ज्या निवातकवच दानवांशी लढतो, त्यांच्या नावात हाच शब्द आहे. म्हणजे निवांतपणा एकतर भिंतीच्या आडोशाने मिळतो, नाहीतर अंगावर असे काही चढवावे लागते की आघात आत पोचत नाही. या शब्दाचा पुढचा सारा प्रवास या दोन अर्थांच्या ओढाताणीतला आहे.

साहित्यात या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली ती दिव्यामुळे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवात जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे. ज्यांनी जुन्या घराच्या भिंतीतला दिव्याचा कोनाडा पाहिला आहे, त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. ज्योत सरळ उभी राहते, कारण तिला तीन बाजूंनी भिंत आहे. पुढे संतांच्या मराठीत ‘निवांत’ म्हणजे निश्चळ, गप्प, आत स्थिरावलेला. आरामखुर्चीशी त्याचा संबंध फार उशिरा आला.

पण त्याच गीतेत, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, न ढळणाऱ्या माणसासाठी अगदी निराळी उपमा येते. ती समुद्राची. नद्या चहूकडून येऊन मिळतात, तो भरत राहतो आणि आपली मर्यादा सोडत नाही. समुद्राला कोनाडा लागत नाही. गंमत अशी की दिव्याचा शब्द आपल्या बोलण्यात रुळला आणि या समुद्रासारख्या माणसाचा शब्द, ‘स्थितप्रज्ञ’, ग्रंथात राहिला. व्यवहारात तो आलाच तर बहुधा चेष्टेने येतो.

या दोन्ही उपमांवर मराठीत फार मोलाचे बोलणे झाले ते खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात. साल १९३२. सविनय कायदेभंग पुन्हा सुरू झाला होता आणि सत्याग्रहींनी तुरुंग भरले होते. विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. जमनालाल बजाज होते, साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीला विनोबांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. १९ जूनला शेवटचे प्रवचन झाले. आज आपण ‘गीता प्रवचने’ म्हणून वाचतो ते पुस्तक हेच. ‘गीताई’ची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी, विनोबा आत असतानाच, धुळ्यात छापली गेली.

जागेचा विचार केला तर तुरुंगाइतके ‘निवात’ स्थळ दुसरे नाही. उंच भिंती, बंद दार, ना बाजार ना संसाराचा तगादा. पण तिथे निवांत कोण असतो? घरी मुले आजारी, शेत पडीक, बाहेर चळवळीचे काय चालले आहे याची तळमळ. आडोसा पुरेपूर होता, तरी ज्योत थरथरत होती. म्हणूनच २८ फेब्रुवारीच्या रविवारी दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ आणि २७ मार्चला सहाव्यातली चित्ताची एकाग्रता, हे विषय त्या श्रोत्यांना पोथीतले वाटले नसतील. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी एकाग्रतेला जीवनाच्या परिमिततेची जोड दिली. खाणे, झोपणे, पाहणे, ऐकणे यांत माप नसेल तर डोळे मिटून बसल्याने काही साधत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे इथे ‘निवात’चा अर्थच बदलतो. वारा बाहेरचा कमी आणि आतला जास्त. कोनाडा गवंड्याने बांधून द्यायचा नाही, रोजच्या वागण्यातून उभा करायचा आहे.

हे सारे बोलणे चालू असताना साने गुरुजी ते उतरून घेत होते. न ढळणाऱ्या पुरुषाची लक्षणे कागदावर आणणारा हा लेखक स्वतः अतिशय हळवा होता. अंमळनेरच्या शाळेतली मुले असोत, पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ असो, की पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली केलेले उपोषण असो, परक्याचे दुःख त्यांच्या अंगाला थेट लागत असे. चिलखत त्यांनी कधी चढवलेच नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. काही जण म्हणतात, स्थितप्रज्ञाची लक्षणे लिहून घेतली, पण ती गुरुजींना पेलली नाहीत. मला हे म्हणणे उथळ वाटते. इतक्या वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसानेच ते शब्द इतक्या तहानेने टिपले असतील. आणि मंदिराचे दार उघडले, ते दार बंद असल्यामुळे एक माणूस अस्वस्थ झाला म्हणूनच ना?

विनोबांना हा विषय सुटला नाही. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या अठरा श्लोकांवर ते १९४४ साली पुन्हा सविस्तर बोलले, तेही सिवनीच्या तुरुंगात. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हे पुस्तक त्यातून आले.

आता थोडे खानदेशच्या हवेविषयी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा वारा नसलेल्या जागेत बसून पाहा. निवांत वाटणार नाही, जीव गुदमरेल. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर तर वारा पडला की पवनचक्क्याच थांबतात. या मुलखाला वारा हवा असतो.

हे बहिणाबाई चौधरींना कुठल्या कोशाशिवाय माहीत होते. १८८० साली जळगावजवळ आसोद्याला जन्मलेल्या, तरुणपणी वैधव्य आलेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली. त्यांचे ‘मन’ प्रसिद्धच आहे. तिथे मन पिकात पुन्हापुन्हा शिरणारे ढोर आहे, कोनाड्यातला दिवा नव्हे. पण आपल्या शब्दाच्या दृष्टीने मला ‘उपननी’ जवळची वाटते. त्या गाण्यात बाई वाऱ्याला थांब म्हणत नाही, खळ्याकडे ये म्हणून बोलावते. उंचावर उभे राहून पाटीतले धान्य वाऱ्यावर सोडायचे, भुसा उडून बाजूला जातो, दाणा पायाशी पडतो. वारा पडला की पाटी खाली ठेवावी लागते. मग माणसे निंबाच्या सावलीला निवांत बसतात खरी, पण पुन्हापुन्हा झाडाच्या शेंड्याकडे बघत, पान हलते का म्हणून.