आरशावरचा ठिपका

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळखीच्या एका शाळेने विज्ञान मंडळासाठी नवा कॅमेरा घेतला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली होती, त्यामुळे सर्वांनाच त्याचे अप्रूप होते. जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी कॅमेरा खोक्यातून बाहेर काढला आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून आकाशाकडे पाहिले. निळ्या आकाशावर एक बारीक काळा ठिपका दिसत होता. त्यांनी भिंग काढून आत डोकावले. समोरच एक तिरपा आरसा होता आणि त्यावर धुळीचे दोन-तीन कण बसले होते. घरचा आरसा पुसावा तसा बाईंनी तो तोंडाची वाफ देऊन स्वच्छ रुमालाने पुसला. पुन्हा पाहिले तर ठिपका जागच्या जागी! आरशावर मात्र बारीक रेघांचे जाळे उमटले होते. दुसऱ्या दिवशी बाई कॅमेरा घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, आता ठिपकाही आहे आणि रेघाही आहेत. वर्गणीच्या पैशाचं मी हे काय करून बसले?"

बाईंच्या या प्रसंगातून दोन प्रश्न निघतात. घरचा आरसा आपण वर्षानुवर्षे पुसतो, मग हा एकदा पुसताच का बिघडला? आणि आरसा पुसूनही ठिपका का गेला नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आरशाच्या इतिहासात आहे आणि दुसऱ्याचे प्रकाशशास्त्रात. इतिहासापासून सुरुवात करू.

धातूचे आरसे

न्यूटनने १६६८ साली परावर्तक दुर्बीण तयार केली, तेव्हा तिचा आरसा काचेचा नव्हता. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची चकती घासून, चकाकी देऊन तो केलेला होता. असे आरसे त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे दोन-तृतीयांश प्रकाशच परत पाठवत. शिवाय दमट हवेत ते काळवंडत. काळवंडलेला आरसा पुसून भागत नसे, तो पुन्हा घासावा लागे. घासले की त्याचा काळजीपूर्वक साधलेला वक्राकार बिघडण्याची भीती असे. म्हणजे प्रत्येक सफाई ही जवळजवळ नव्याने आरसा करण्यासारखीच होती. विल्यम हर्शेलने १७८९ साली ४८ इंच व्यासाच्या आरशाची मोठी दुर्बीण उभी केली. तिच्यासाठी त्याने दोन आरसे करून घेतले होते. एक दुर्बिणीत असे, तेव्हा दुसऱ्याला चकाकी देण्याचे काम चाले.

ही अडचण किती महागात पडू शकते, हे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे दिसले. तेथील वेधशाळेसाठी डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात ४८ इंची धातूच्या आरशांची दुर्बीण तयार झाली आणि १८६८ साली ती जहाजाने रवाना झाली. जगातील मोठ्या दुर्बिणींत तिची गणना होती. समुद्राच्या खाऱ्या हवेने आरसे खराब होऊ नयेत म्हणून त्यांवर लाखेचा थर दिला होता. मेलबर्नला पोचल्यावर हा थर काढणे फार अवघड गेले आणि त्या खटाटोपात आरशाची चकाकी कमी झाली. पुन्हा चकाकी देऊन अचूक आकार साधणारे कुशल हात तेथे सहज मिळण्यासारखे नव्हते. दुर्बिणीकडून जी अपेक्षा होती ती पुरी झाली नाही. त्याला इतरही कारणे होती. पण कोरा करकरीत आरसा सफाईतच खराब झाला, हे त्यांतले एक ठळक कारण होते.

चांदी मागून पुढे आली

घरगुती आरशांची कहाणी वेगळी आहे. त्यात काचेच्या मागच्या बाजूला कथील आणि पारा यांचा थर देत असत. पाऱ्याच्या वाफेने कारागीर आजारी पडत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८३५ साली असे दाखवले, की अमोनियायुक्त चांदीच्या द्रावणावर अल्डिहाइडची क्रिया झाली की परीक्षानळीच्या आतून चांदीचा चकचकीत थर जमतो. उच्च माध्यमिक वर्गात आपण अल्डिहाइड ओळखण्यासाठी जी 'रजत दर्पण' परीक्षा करतो, ती हीच क्रिया. पुढे याच मार्गाने घरोघरीच्या आरशांना चांदी मिळाली. ही चांदी काचेच्या मागे असते आणि तिच्या पाठीवर रंगाचा थर असतो. आपण पुसतो ती पुढची काच, चांदीला आपला हात कधी लागतच नाही.

अशा आरशात एक दोष असतो. काचेचा पुढचा पृष्ठभागही पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित करतो. त्यामुळे ठळक प्रतिमेशेजारी एक फिकट प्रतिमा पडते. दाढी करताना किंवा केस विंचरताना ती आपल्या ध्यानात येत नाही, पण ताऱ्यांच्या निरीक्षणात ती चालत नाही. म्हणून १८५६ साली श्टाइनहाइल याने जर्मनीत आणि १८५७ साली फूको याने फ्रान्समध्ये काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरच चांदी चढवून दुर्बिणीचे आरसे केले. आता काच फक्त आकार सांभाळणार आणि परावर्तनाचे काम पुढची उघडी चांदी करणार. चांदी काळी पडली, तर ती रसायनाने काढून नवी चढवता येई. काचेचा वक्राकार त्यात बदलत नसे. मेलबर्नच्या दुर्बिणीची मागणी दिली गेली तेव्हा ही युक्ती माहीत झालेली होती, तरीही निवड झाली ती जुन्या धातूच्या आरशांची.

पुढचा टप्पा १९३० नंतरचा. अमेरिकेत जॉन स्ट्राँग याने निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर काचेवर बसवण्याची पद्धत विकसित केली. १९३५ साली माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर त्याने असा थर दिला. ॲल्युमिनियम सुमारे ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो. हवेत त्यावर ऑक्साइडचा पातळ पारदर्शक पापुद्रा तयार होतो, त्यामुळे तो चांदीसारखा लवकर काळवंडत नाही. आपल्याकडे तमिळनाडूतील कावलूर येथे १९८६ पासून कार्यरत असलेल्या २.३४ मीटर व्यासाच्या वेणू बाप्पू दुर्बिणीच्या आवारातच असा थर देण्याची सोय आहे.

आता या थराची जाडी पाहा. तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे आपल्या केसाच्या एक-दोन सहस्रांशाइतका असतो. ॲल्युमिनियम हा मऊ धातू. मोह्जच्या कठिनतेच्या मोजपट्टीवर त्याचा अंक तीनपेक्षा कमी. धुळीत हमखास असणारे वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण त्याच मोजपट्टीवर सातवर आहेत. कण आरशावर नुसता बसला असेल, तर तो काहीच करत नाही. त्यावर रुमाल फिरवला की तो कानसीसारखा थर खरवडतो. काही आरशांवर संरक्षणासाठी आणखी एक पारदर्शक लेप असतो, पण तोही असाच पातळ. कॅमेऱ्यातला आरसा या कुळातला आहे. बाईंचा रुमाल स्वच्छच होता, रेघा ओढल्या त्या आरशावरच्या धुळीने.

मी कोणत्या तोंडाने बाईंना बोल लावणार? संशोधक विद्यार्थी असताना प्रयोगशाळेतल्या वर्णपटमापकाचा आरसा मीही असाच मऊ कापसाने 'लख्ख' केला होता. त्या रेघा मला पुढे तीन वर्षे रोज पाहाव्या लागल्या.

कॅमेऱ्यात आरसा का आला?

प्रतिमा दाखवण्यासाठी ४५ अंशात आरसा बसवण्याची कल्पना छायाचित्रणाच्या आधीची आहे. योहान त्सान याने १६८५ साली तशी पेटी वर्णन केली होती. भिंगातून येणारा प्रकाश आरशावरून वर वळतो, वरच्या दुधी काचेवर प्रतिमा पडते आणि चित्रकार ती गिरवून घेतो. १८६१ साली थॉमस सटन याने छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी याच रचनेचे पेटंट घेतले. आरसा खाली असताना चित्र पाहायचे, टिपताना आरसा बाजूला करायचा. १८८४ साली अमेरिकेत कॅल्व्हिन स्मिथ याचा असा कॅमेरा विक्रीला आला. १९३६ साली ड्रेस्डेनचा 'किने एक्साक्टा' ३५ मिलिमीटर फिल्मसाठी निघाला. १९४९ च्या 'काँटॅक्स एस'मध्ये पंचकोनी लोलक आल्याने चित्र सुलटे दिसू लागले. १९५४ च्या 'असाहिफ्लेक्स २ बी'मध्ये आरसा फोटो टिपल्यावर आपोआप तत्काळ खाली येऊ लागला, आणि १९५९ च्या 'निकॉन एफ'ने ही रचना व्यावसायिक छायाचित्रकारांच्या हाती रुजवली. २०१८ नंतर मोठ्या कंपन्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळल्या. तरी शाळांच्या आणि हौशी लोकांच्या कपाटांत आरशाचे कॅमेरे अजून पुष्कळ आहेत.

या रचनेत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. फोटो टिपला जातो त्या क्षणी आरसा वर उचललेला असतो. फिल्मवर किंवा संवेदकावर पडणारा प्रकाश त्याला शिवतही नाही. तेव्हा आरशावरची धूळ वा रेघ फोटोत उमटणे शक्यच नाही.

याला एक अपवाद झाला. १९६५ साली कॅननने 'पेलिक्स' हा कॅमेरा काढला. त्यातला आरसा हलत नसे. तो ०.०२ मिलिमीटर जाडीचा अर्धपारदर्शक पडदा होता; दोन-तृतीयांश प्रकाश त्यातून फिल्मकडे जाई आणि एक-तृतीयांश डोळ्याकडे वळे. येथे मात्र आरसा फोटोच्याच वाटेवर होता, त्यामुळे त्यावरची धूळ आणि बोटांचे ठसे यांचा फोटोच्या स्पष्टतेवर परिणाम होई.

मग ठिपका कोठे होता?

दहावीच्या मुलांना आपण एक प्रश्न विचारतो: बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर प्रतिमा अर्धीच दिसेल का? उत्तर असे, की प्रतिमा पूर्ण दिसेल, फक्त मंद होईल. कारण प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूकडे भिंगाच्या सर्व भागांतून किरण येतात. बाईंच्या ठिपक्याचे उत्तर याच तत्त्वात आहे.

थोडा हिशोब करू. धुळीचा कण ०.१ मिलिमीटरचा आहे, आरशावरची ती जागा वरच्या दुधी काचेच्या पडद्यापासून २० मिलिमीटर दूर आहे आणि भिंगाचे छिद्र एफ/२.८ आहे असे धरू. पडद्यावरच्या एका बिंदूकडे जाणारा किरणांचा शंकू आरशापाशी २० भागिले २.८, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर रुंद असेल. कण त्याच्या सत्तराव्या भागाइतका रुंद. क्षेत्रफळाचा विचार केला तर तो ४९०० पैकी एकच भाग प्रकाश अडवतो. डोळ्याला एवढा फरक कळणार नाही. तोच कण जर थेट दुधी काचेवर बसला, तर तो प्रतिमेच्याच प्रतलात असतो आणि काळा, रेखीव दिसतो. बाईंना दिसलेला ठिपका तेथे होता. त्यांनी पुसला तो आरसा, डाग होता पडद्यावर.

फोटोत ठिपके उमटले, तर ते संवेदकापुढच्या काचेवरील धुळीचे असतात. ही काच संवेदकापासून एक मिलिमीटरवर आहे असे धरले, तर एफ/१६ ला शंकू तेथे ०.०६ मिलिमीटर रुंद असतो. ०.१ मिलिमीटरचा कण तो पूर्ण अडवतो आणि काळा डाग पडतो. एफ/२.८ ला शंकू ०.३६ मिलिमीटरचा होतो आणि तोच डाग फिकट पडतो. धूळ कोणती आणि किती, यापेक्षा ती प्रतिमेपासून किती दूर बसली आहे, हे महत्त्वाचे.

गोळ्या लागलेला आरसा

याचा सर्वांत मोठा, आणि कोणी मुद्दाम न योजलेला, प्रयोग अमेरिकेत टेक्सासमधील मॅकडॉनल्ड वेधशाळेत झाला. तेथील १०७ इंची दुर्बीण नवीच होती. फेब्रुवारी १९७० मध्ये एका कर्मचाऱ्याने मनाचा तोल जाऊन पिस्तुलातून तिच्या आरशावर सात गोळ्या झाडल्या. जाड आरसा फुटला नाही, त्यावर खड्डे पडले. खड्ड्यांनी व्यापलेले क्षेत्र एकूण क्षेत्राच्या सुमारे एक टक्का होते, म्हणून प्रकाशही तेवढाच कमी झाला. ताऱ्यांच्या प्रतिमेत कोठेही भोक दिसले नाही. खड्ड्यांच्या खडबडीत कडांवरून प्रकाश विखुरला असता, म्हणून ते काळे रंगवण्यात आले. ही दुर्बीण त्यानंतरही दशकानुदशके खगोलशास्त्रज्ञांच्या कामी आली.

बाईंना मी हे सांगितले आणि आम्ही छिद्र एफ/१६ करून निरभ्र आकाशाचा फोटो घेतला. त्यात एकही ठिपका नव्हता. कॅमेरा उलटा धरून रबरी फुग्याने हवा मारली, तेव्हा पडद्यावरचा कणही निघून गेला. रेघा अर्थात राहिल्या. त्यांच्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये किंचित धूसरपणा आला, फोटोत काही नाही. आरसा बदलण्याचा खर्च शाळेने केला नाही, आणि त्याच कॅमेऱ्याने मुलांनी पुढे परिसरातल्या फुलपाखरांची नोंद केली.

शिक्षकांना वर्गात करण्याजोगा एक सोपा प्रयोग सांगतो. घरच्या आरशाला पेन्सिलीचे टोक टेकवा आणि तिरपे पाहा. टोक आणि त्याची प्रतिमा यांत फट दिसेल. ती काचेच्या जाडीमुळे पडते, म्हणजे थर मागे आहे आणि आरसा खुशाल पुसावा. मग स्टीलच्या चकचकीत थाळीला टोक टेकवा. तेथे टोक आणि प्रतिमा एकमेकांना भिडतील, कारण परावर्तन पुढच्या पृष्ठभागावरच होते. कॅमेऱ्याचा आरसा या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याला मात्र प्रयोगासाठीसुद्धा पेन्सिल लावू नका!