भिंतीआडचे ठाणे आणि वस्तीतले मूल

‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पुढची कित्येक दशके मनाचे दुखणे म्हणजे त्या आवाराची भिंत, एवढीच लोकांची समजूत होती. मुलांच्या मनाला जागाच नव्हती. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ही सेवा लोकांपर्यंत नेण्याची भाषा केली, पण ती बराच काळ कागदावरच राहिली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी ठाण्यात ‘आयपीएच’ सुरू केली आणि समुपदेशन हा शब्द मराठी घरात आला. हे काम मोठे आहे, ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

प्रश्न पुढचा आहे. ठाणे ते कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांमध्ये आम्ही मुलांशी बोलतो. अभ्यासात लक्ष का नाही, मोबाईल किती पाहतोस, हे त्यांना सगळेच विचारतात. वर्गात आडनाव सांगताना तुझा आवाज का उतरतो, हे कोणी विचारत नाही. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा, शिपाई नसेल तर तहानलेला राहणारा भीमराव आज समुपदेशकासमोर आला, तर त्याला काय सांगणार? एकाग्रता वाढव?

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत हाच प्रश्न बाहुल्या मांडून विचारला. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून उचलली. न्यूनगंड मुलाच्या डोक्यात उगवत नाही, समाज तो पेरतो, हे त्यातून दिसले. १९४६ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये, मुले राहत होती तिथेच, केंद्र काढले. १९५४ साली वंशावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अभ्यासाचा आधार घेतला.

आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १८ जातीवरून भेदभाव न होता सेवा मिळण्याचा हक्क देते. हक्क आहे, पण दिवसभर धुणीभांडी करणारी आई मुलाला घेऊन दवाखान्याच्या वेळेत पोचणार कशी? रविवारी वंदना झाली की वस्तीतला बुद्धविहार दुपारभर रिकामा असतो. महापालिकांनी तिथे आठवड्यातून दोन तास पगारी समुपदेशक बसवावा, आणि त्याच्या प्रशिक्षणात जात हा विषय सक्तीचा करावा.